बॅस रॉकची फेरी : आखणीच्या नोंदी

१२ जानेवारी

आईचं तिकीट निघालं. मेच्या शेवटी एडिंबराला येणार, ऑगस्टच्या मध्यावर परत. फोनवर पहिली अट घातली: "किल्लेबिल्ले नकोत. गुडघे ऐकत नाहीत." मग म्हणाली, "तुझ्या त्या फोटोत समुद्रात पांढरा डोंगर होता, तो दाखव. बर्फ असतो का त्याच्यावर?"

बर्फ नाही. अर्धे पक्षी आणि अर्धी त्यांची शीट. एडिंबराजवळच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर उभा असलेला बॅस रॉक. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा थिजला, भोवतीचा मऊ खडक झिजून गेला आणि शंभर मीटरहून उंच असा हा दगडी बुंधा उरला. त्यावर गॅनेट नावाचे मोठे पांढरे समुद्रपक्षी घरटी करतात. गॅनेटचं शास्त्रीय नावच मोरस बॅसानस आहे, ते या खडकावरून पडलेलं.

तिला सांगितलं, डोंगर चढायचा नाही, नावेतून त्याला फेरी मारायची. "मग ठीक," म्हणाली. इथून या वहीची सुरुवात.

२६ जानेवारी

तारीख ठरवायची तर आधी पक्ष्यांचं वेळापत्रक हवं. आपल्या सुट्ट्या नंतर.

गॅनेटची चिंता नाही. पहिले पक्षी जानेवारीअखेर परततात, शेवटचे ऑक्टोबरात जातात. अंडं एकच, ते सुमारे ४४ दिवस उबवायचं. पोटाखाली उबेसाठी पिसं झडलेली उघडी जागा बहुतेक पक्ष्यांना असते, तशी गॅनेटला नसते. तो पायाचे पडदे अंड्यावर पसरून उभा राहतो, पायानंच ऊब देतो. जूनमध्ये पिल्लं दिसू लागतात. पुढे तीन महिने ती घरट्यावरच असतात.

अडचण बाकीच्यांची. पफिन, रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी, मार्चअखेर-एप्रिलमध्ये येतो आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत गायब. कड्यांवर राहणारा समुद्रपक्षी गिलेमॉट तर त्याहून घाईचा. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच संध्याकाळी कड्यावरून उडी टाकतं, खाली बाप हाका मारत असतो, आणि दोघं पोहत समुद्रात निघून जातात. जुलै अर्धा झाला की गिलेमॉटचे कडे ओसाड.

म्हणजे सगळे एकदम हवे असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा.

१५ फेब्रुवारी

बहिणीकडे बैठक. भाचा (वय ९) एकाच मुद्द्यावर अडून: पफिन. त्याच्या मते गॅनेट म्हणजे "मोठी कुरव" (सीगल). मी त्याला म्हटलं, पंख पसरले की तुझ्यापेक्षा लांब, जवळजवळ १.८ मीटर, आणि ३० मीटरवरून पाण्यात सूर मारतो. नाकपुड्या बाहेरून बंद, चेहऱ्याच्या-छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या, म्हणून आपटून मरत नाही. जरा विरघळला. तरी पफिन.

पफिनसाठी उत्तम जागा आईल ऑफ मे. तिथे पफिनची ४० हजारांहून जास्त बिळं आहेत आणि बेटावर उतरता येतं. पण उतरायचं म्हणजे धक्का, चढण, दोन-तीन तास उभ्यानं. वर सुरय (टर्न) पक्षी डोक्यावर चोची मारतात ते वेगळंच. आईला नको.

तोडगा असा: किनाऱ्यावरच्या नॉर्थ बेरिक गावाहून सुटणाऱ्या बऱ्याच नावा बॅसला जाताना क्रेगलीथ बेटाला वळसा घालतात. क्रेगलीथवर पफिन आहेत. एकाच फेरीत दोन्ही, आणि कुठेच उतरायचं नाही.

क्रेगलीथची गोष्ट भाच्याला फार आवडली, म्हणून इथे. ट्री मॅलो नावाची भेंडीच्या कुळातली झाडी बेटावर माजली, माणसाहून उंच. पफिनच्या बिळांची तोंडं बुजली. पूर्वी ससे ती कुरतडून आटोक्यात ठेवत. ससे रोगानं गेले आणि झाडीला रान मोकळं झालं. २००७ पासून स्वयंसेवक नावेतून जाऊन ती कापतात, पण पक्षी बिळात असताना नाही, त्याच्या आधी किंवा नंतर. "म्हणजे पफिनसाठी गवत काढणारी माणसं असतात?" असतात. मोठेपणी काय व्हायचं याची त्याची यादी आज बदलली.

२ मार्च

नॉर्थ बेरिकला एकटाच जाऊन आलो. एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून आगगाडीनं अर्धा-पाऊण तास. खडकाचा माथा पांढरा पडू लागलाय. जानेवारीत नुसता काळा दिसत होता.

खरं काम पायऱ्यांचं होतं. पोचलो तेव्हा ओहोटी तळाला होती आणि बंदर अक्षरशः कोरडं, होड्या चिखलात कलंडलेल्या. अशा वेळी नावा बंदराच्या आत येत नाहीत, बाहेरच्या बाजूनं माणसं घेतात. धक्क्याच्या भिंतीतल्या पायऱ्या उतरून पाहिल्या. वरच्या कोरड्या, मधल्या ओलसर, खालच्या अकरा हिरव्या शेवाळानं माखलेल्या. कठडा नाही, लोखंडी साखळी आहे, तीही बुळबुळीत. माझाच पाय एकदा सटकला.

फोर्थमध्ये उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो. पाच मीटर म्हणजे किती पायऱ्या, ते आज मोजून कळलं. आईला न्यायचं तर भरतीलाच न्यायचं. बाकी सगळं यापुढे दुय्यम.

९ मार्च

आईला फोनवर पायऱ्यांचं सांगितलं. घाबरेल वाटलं होतं. तिनं उलट विचारलं, "त्या दिवशी तिथी कुठली?" तिचं माहेर खाडीकाठचं. तिथला हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.

गंमत म्हणून इथल्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला. चंद्र तोच, पण किनारा वेगळा आणि घड्याळही. तिची वेळ दोन-तीन तास पुढे सरकवली की फोर्थची भरती येते. म्हणजे नियम पार मोडत नाही, फक्त उशिरा पोचतो.

त्यातून एक पेच निघाला. उधाणाच्या दिवसांत इथे भरती दुपारनंतर येते. पाणी चांगलं वर चढतं, पायऱ्या कमी. पण दुपारी वारा उठतो आणि उधाणात प्रवाहही जोराचा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, भरती सकाळी येते. पाणी तेवढं चढत नाही, पण तेवढं उतरतही नाही, आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. आई, एक पोर आणि बोट लागणारी निदान दोन माणसं धरून मी भांगाच्या बाजूनं कौल दिला.

२१ जून, शनिवार. वद्य एकादशी. वेळापत्रकात भरती सकाळी १०.०५.

१६ मार्च

नाव ठरवली. तासाला पन्नास किलोमीटरनं धावणारी रबरी नाव सगळ्यांना हवी होती. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, प्रत्येक लाटेला पाठीचा कणा खाली आपटतो. नको. हळू चालणारी, बाक असलेली नाव घेतली. साडेनऊची फेरी, दीड तासाची. अकराला परत, म्हणजे भरतीनंतर तासाभरानं. छान बसतंय.

३० मार्च

छान बसत नव्हतं.

आज पहाटे इथे उन्हाळ्याची वेळ लागली, घड्याळं तासानं पुढे गेली. चहा करताना ओव्हनवरचं घड्याळ बदललं आणि हात तिथेच थांबला. भरतीचं वेळापत्रक कुठल्या वेळेत छापलंय? पान उलटून पाहिलं. तळाला बारीक अक्षरात: सर्व वेळा जीएमटी (ग्रिनिच वेळ), उन्हाळ्यात एक तास मिळवावा. म्हणजे २१ जूनची भरती १०.०५ ला नाही, ११.०५ ला. साडेनऊला पाणी अजून चढतच असणार.

नाववाल्यांना फोन केला. नंतरच्या फेऱ्या भरलेल्या.

मग कागद घेऊन बसलो. खलाशांचा बाराव्या हिश्शाचा ठोकळा हिशोब असतो: ओहोटी ते भरती साधारण सहा तास, पहिल्या तासात एकूण चढाचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. भांगाचा चढ अडीच मीटरच्या आसपास. भरतीच्या दीड तास आधी पाणी माथ्यापासून दोन बारांश खाली, म्हणजे चाळीसेक सेंटिमीटर. दोन पायऱ्या!

दोन पायऱ्यांसाठी सकाळभर जीव टांगणीला लावला होता. आणि परत येताना, पाय दमलेले असताना, पाणी बरोबर माथ्यावर असेल. साडेनऊच ठेवली.

२० एप्रिल

आकडा तेरावर गेला. या आकाराच्या नावांना इथे बारा प्रवाशांचीच मुभा. तेरावा चढला की ती कायद्यानं वेगळ्या वर्गातली नाव होते आणि तिचे नियमच निराळे. वर्षाहून मोठं मूलही मोजतात.

कुणाला गाळायचं यावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. शेवटी भावोजींनीच, "मला बोट लागते, मी किनाऱ्यावर सामान सांभाळतो," असं जाहीर केलं. बहिणीच्या मते त्या दिवशी मॅच आहे.

११ मे

बर्ड फ्लूबद्दल दोघांनी विचारलं, म्हणून सविस्तर.

२०१४ च्या मोजणीत बॅसवर गॅनेटच्या ७५,२५९ जागा भरलेल्या होत्या. जगातली सर्वांत मोठी वसाहत. २०२२ च्या उन्हाळ्यात साथ आली. पक्षी घरट्यावर बसल्या जागी मेले. २०२३ मध्ये ड्रोनवरून मोजलं तेव्हा आकडा ५१,८४४. पांढऱ्या डोंगरावर तपकिरी ठिगळं दिसू लागली, कारण घरट्याला घरटं चिकटलेलं नव्हतं. एरवी दोन घरट्यांत अंतर एवढंच, की शेजाऱ्याची चोच जेमतेम पोचू नये.

एक गोष्ट मात्र तेव्हाच कळली. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो. साथीनंतर काळ्या डोळ्यांचे गॅनेट दिसू लागले. रक्त तपासलं तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत रोगाशी लढल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे काळा डोळा हा दुखण्यातून उठल्याचा दाखला. नावेतून दुर्बिणीनं तो दिसू शकतो. भाच्याला काम मिळालं.

आमच्यापुरते नियम: मेलेल्या पक्ष्याला हात नाही, तरंगतं पीस उचलायचं नाही, घरी आल्यावर बूट धुवायचे. काही नावा फोटोंसाठी मेलेले मासे फेकून गॅनेटांना सूर मारायला लावतात. आमची तशी नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. पिल्लं पोसणाऱ्या पक्ष्याला आपल्या कॅमेऱ्यासमोर नाचवणं मला पटत नाही. पटणारेही भेटले, वाद घातला नाही.

नाव कड्याजवळ किती न्यायची हे नाखवा ठरवणार. गिलेमॉट घरटं करत नाही, उघड्या दगडाच्या कपारीत अंडं ठेवतो. नाव अचानक अंगावर गेली की सगळे एकदम उडतात, त्या धांदलीत अंडी-पिल्लं खाली, आणि कुरव वाटच पाहत असते. "अजून जवळ घ्या ना" हे वाक्य आमच्या गटात बंद, असं सगळ्यांना कळवलं. एकानं अंगठा दाखवला, बाकी गप्प.

१ जून

आई आली. तीन दिवसांत घरात दोन कामं सुरू केली.

एक, दुर्बिणीची तालीम. ८×४२ ची, म्हणजे आठपटीची, घेतली आहे. दहापटीची मोठं दाखवते, पण डुलत्या नावेत तेवढीच हलते. आईला पहिल्या दिवशी नुसतं काळं दिसत होतं. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवायची, हे तिला सांगायचं राहिलं होतं. मग समोरच्या धुराड्यावरची कुरव. "दुर्बीण शोधायला नाही लावायची," तिला म्हटलं, "आधी नुसत्या डोळ्यानं पक्षी धर, नजर हलवू नकोस, आणि दुर्बीण डोळ्यापुढे आण." चौथ्या खेपेला ओरडली, "अगंबाई, हिच्या चोचीला लाल ठिपका आहे!" तालीम संपली.

दोन, बोट लागण्याचा बंदोबस्त. गोळी निघायच्या आधी दोन तास. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालते का, ते तिकडच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, चालते. आता एकादशी. ती निर्जळी करायची म्हणते. उपाशी पोटी बोट जास्त लागते यावर आमचं बोलणं झालं. केळं आणि पाणी इथपर्यंत खाली आली.

१४ जून

बंदरावर जाऊन आईला पायऱ्या दाखवल्या. दुपारची भरती, वरच्या पाचच कोरड्या. साखळी धरून, आडवं वळून, एकेक पाऊल. दोनदा वर-खाली केलं.

समुद्र मात्र दिसलाच नाही. पूर्वेकडून हार आली होती. इथे समुद्रावरून सरकत येणाऱ्या गार धुक्याला हार म्हणतात. गरम हवा थंड पाण्यावर आली की जमतं, आणि एडिंबरात ऊन असलं तरी किनारा तासन्तास गिळून बसतं. बॅस रॉक इथून पाचेक किलोमीटरवर असून पत्ता नाही. फक्त वास येत होता, असं आई म्हणते. मला नाही आला.

म्हणजे नुसता वारा बघून भागणार नाही. पूर्वेचा वारा असेल तर दोन्ही संकटं: फुगलेली लाट आणि हार.

१९ जून

किनारी पाण्याचा अंदाज: पश्चिमेचा वारा, जोर ब्यूफोर्टच्या मापावर ३, कधी ४. चार म्हणजे ११ ते १६ नॉट (ताशी सागरी मैल). पांढऱ्या फेसाचे तुरे बऱ्याच ठिकाणी दिसतात. पश्चिमेचा म्हणजे जमिनीवरून येणारा, लाट वाढायला जागा मिळत नाही. चालेल.

सगळ्यांना निरोप: जुनं जाकीट, काठाची टोपी, वर बघताना तोंड बंद. शेवटचं गमतीनं लिहिलेलं नाही.

२१ जून

साडेनऊ. पाणी हिशोबाप्रमाणे. कोरड्या पायऱ्या संपून दोन ओल्या लागल्या. आई मोठ्यानं मोजत उतरली. नाखव्यानं हात पुढे केला, तिनं आधी साखळी सोडायचं नाकारलं, मग सोडली.

क्रेगलीथपाशी पफिन पाण्यावर बसलेले, हाताच्या ओंजळीएवढे. भाचा गप्पच झाला. त्याला ते टीव्हीवर मोठे वाटले होते. मग एक अगदी नावेपुढून गेला, पंखांची नुसती भिरभिर, चोचीतून दोन्ही बाजूंना चांदीचे धागे लोंबताहेत. सँडईल. बोटाएवढा मासा, पण इथल्या निम्म्या पक्ष्यांची पिल्लं त्याच्यावर वाढतात. २०२४ पासून स्कॉटलंडच्या सगळ्या समुद्रात त्याची मासेमारी बंद आहे. नाखव्यानं इंजिन मंद केलं, पक्ष्यांच्या थव्याला बाजूनं वळसा घातला.

बॅसचा वास आधी आला. मासळी बाजार आणि चुन्याची निवळी एकत्र. आईनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली: सांगितलं होतं ना. मग आवाज, एकसारखी घरघर, हजारो गळ्यांतून. कड्याखाली शिरलो तेव्हा वर आभाळ पक्ष्यांनी विणलेलं होतं. एकही दुसऱ्याला धडकत नव्हता. खालच्या कपारीत गिलेमॉट खांद्याला खांदा लावून, तोंड भिंतीकडे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

एका घरट्यावर जोडीदार परतला. दोघांनी माना उंच केल्या आणि चोची एकमेकांवर घासल्या, तलवारी परजाव्यात तशा. त्यांच्या पायांमधून काळं, उघडं, सरड्यासारखं पिल्लू डोकावलं. आई दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिली. "पायाखाली धरलंय गं त्यानं," एवढंच बहिणीला म्हणाली.

काळा डोळा भाच्याला सापडला. खालच्या कड्यावर, एकटा. मीही पाहिला, निळ्या डोळ्यांच्या शेजारी तो पक्षी वेगळाच दिसतो, बाहुली सगळीभर सांडल्यासारखी. वहीत त्यानं "१" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बोट फक्त मला लागली. परतीच्या वाटेवर, दहा मिनिटं. आईनं पर्समधून केळं काढून दिलं.

अकराला धक्क्यावर. एकही ओली पायरी नाही. भावोजी सामानापाशी, मोबाईलवर मॅच.

२४ जून

हिशोब वाटून झाला. जाकिटावरचा डाग दोन धुण्यांत गेला नाही.

आईनं पंचांग मागून घेतलं आणि जुलैचं पान उघडून बसली आहे. पफिन जायच्या आत ते दुसरं बेट होईल का, विचारते. चढण आहे, सुरय डोक्यावर मारतात, सगळं पुन्हा सांगितलं. "टोपी आहे," म्हणाली, "तू नुसतं धक्क्याचं बघ."

उद्याचं काम: अँस्ट्रदरच्या नाववाल्यांना फोन. आईल ऑफ मेच्या धक्क्याला पायऱ्या किती, साखळी आहे का, आणि त्यांचं वेळापत्रक जीएमटीत आहे की नाही.